ईसीजी आत, टॉवर बाहेर

"काका, हा हार्ट अटॅक आहे," असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि मी हसलो.

खरंच हसलो. कारण त्याआधी अर्धा तास मी आरोग्य केंद्राच्या बाकावर बसून शेजारच्या आजोबांना शालूच्या पित्ताची गोष्ट हातवाऱ्यांसकट सांगत होतो. शालू म्हणजे माझी बायको, शालिनी, वय सत्तेचाळीस. पहाटेपासून तिचा जबडा दुखत होता, मळमळत होतं, पोटाच्या वरच्या बाजूला कुणी पाटा ठेवल्यासारखं जड झालं होतं. घाम असा, की कार्तिकातल्या थंडीत तिचा पदर पिळून निघाला. आम्ही दोघांनी मिळून खटला चालवला आणि आदल्या दिवशीच्या वांग्याच्या भाजीला दोषी ठरवलं. लिंबू-सोडा पाजला. जबड्यासाठी तुमसरला दातांच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. वाटेत तिला उलटी झाली, समोर आरोग्य केंद्र दिसलं, म्हणून गाडी थांबवली. उलटी पाच मिनिटं उशिरा झाली असती तर आम्ही थेट दातवाल्याकडे गेलो असतो. मग हे लिहायला कारण उरलं नसतं.

म्हणून ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचून उठलं तरी चालेल: हृदयाचा झटका नेहमी छातीतच दुखतो असं नाही. बायकांमध्ये तर तो जबडा, पाठ, पोट असे वेश घालून येतो.

ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा कागदावरचा आलेख. मॅडमनी तो माझ्यासमोर धरला. "ही रेघ इथं सपाट हवी. ती वर चढलीय. हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त नेणारी नळी गुठळीनं बंद झालीय." याला त्यांनी इन्फीरियर वॉल एमआय असं नाव सांगितलं. नळी जितका वेळ बंद, तितकं हृदय मरत जातं. मरत जातं, हा शब्द त्यांनी अगदी साधेपणानं वापरला. माझं हसू तोंडावरच राहिलं, उतरवायचं कसं ते कळेना.

उपाय होता आणि तो तिथंच कपाटात होता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, त्याला थ्रॉम्बोलिसिस म्हणतात. पण ते रक्त इतकं पातळ करतं, की शरीरात कुठं जखम असेल तर तिथून रक्त वाहू लागतं. म्हणून पद्धत अशी, की आधी ईसीजीचा फोटो नागपूरच्या हृदयतज्ज्ञांना पाठवायचा, त्यांनी प्रश्न विचारायचे, त्यांनी हो म्हटलं की मगच सुई.

पद्धत उत्तम. अडचण एकच होती. आत टॉवर नव्हता.

आमच्याकडे रेंजला टॉवर म्हणतात. केंद्राची इमारत नवीकोरी, भिंती जाडजूड, वर स्लॅब, स्लॅबवर ऊन लागू नये म्हणून पत्रे, खिडक्यांना लोखंडी जाळ्या. आत आणलेला मोबाईल फक्त वेळ सांगतो. बाहेर मात्र रॅम्पच्या टोकाला एक फरशी आहे, तिच्यावर उभं राहिलं की तीन काड्या येतात. कर्मचाऱ्यांनी तिच्याभोवती चुन्याचा गोल काढून ठेवला होता. त्या गोलातून अर्धं पाऊल डावीकडे सरकलात की तुमचा फोन बावनथडी नदी ओलांडून मध्य प्रदेशात जातो. केंद्र कुठलं ते लिहीत नाही. बपेऱ्याच्या अंगाला आहे, एवढं पुरे. तिथल्या माणसांनी माझ्या बायकोला जगवलं आहे, त्यांची नावं मला चव्हाट्यावर आणायची नाहीत.

सिस्टर कागद घेऊन फरशीवर धावल्या, मागून मी. फोटो गेला. तेवढ्यात मॅडम दारात येऊन ओरडल्या, "सिस्टर, प्रेशर पडतंय!" सिस्टरनी फोन माझ्या हातात कोंबला. "नागपूरच्या सरांचा फोन येईन. इथून हलू नका. आला का मले आवाज द्या." आणि त्या आत गेल्या. दुसऱ्या सिस्टर पलीकडच्या खोलीत बाळंतपणात अडकलेल्या. म्हणजे आत दोन माणसं, एक शालू, आणि बाहेर चुन्याच्या गोलात मी.

व्हरांड्यातल्या बाकावरून आजोबा ओरडले, "का गा, रांगोळीत काहून उभा हायेस?"

एरवी मी त्यांना तिथंच एक किस्सा ऐकवला असता. तेव्हा नुसता फोनकडं बघत राहिलो.

इथं माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा गुन्हा तिच्यातून निघाला. दिवसा मी धान खरेदी केंद्रावर वजनकाटा बघतो, पण दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर असतो. आमच्याकडे तालमी थोड्या आणि प्रयोग फार. नटाला अर्धं नाटक प्रॉम्प्टरच्या तोंडून मिळतं. नट अडला की मी ओळ पुरवतो. वही सापडली नाही तर मनची पुरवतो. बावीस वर्षांत माझ्यामुळे पडदा कधी पडला नाही, याचा मला भारी अभिमान होता.

फोन वाजला.

"डॉक्टर कुठे आहेत?"

"आत आहेत सर. आत टॉवर नाही."

"आप कौन?"

"पेशंटचा नवरा."

मग ते सर अगदी सावकाश म्हणाले, "ठीक आहे. ईसीजी पाहिला. झटका मोठा आहे. मी एक-एक प्रश्न विचारतो. आत जाऊन डॉक्टरांना विचारा, उत्तर आणून द्या. घाई करा, पण चूक नको."

पहिला प्रश्न: आधी कधी लकवा, मेंदूचा झटका? मी पंचवीस पावलं धावलो, खिडकीच्या जाळीतून ओरडलो, मॅडमनी शालूला विचारलं, "नाही" घेऊन परत आलो. दुसरा: अलीकडे कुठलं ऑपरेशन? पुन्हा पंचवीस पावलं. "नाही." परत आलो तर फोन तुटलेला. पुन्हा लावला. लागेना. मी गोलात राहून वाकलो, ताठ झालो, हात वर केला. फोन थरथरला. मी झडप घातली. मध्य प्रदेशात माझं स्वागत करणारा संदेश होता.

आजोबा पुन्हा म्हणाले, "नाचून नाही लागत बापू तो. सरळ उभा राय."

सरळ उभा राहिलो. लागला. किती वेळ गेला होता ते माहीत नाही. मला फक्त खिडकीतून शालूचे पाय दिसत होते आणि ते पाय हलत नव्हते.

"पुढचे दोन एकत्र विचारतो," सर म्हणाले. "अल्सर, रक्ताची उलटी, संडासवाटे रक्त? आणि गेल्या तीन महिन्यांत डोक्याला मार?"

मी त्या पंचवीस पावलांकडे पाहिलं. फोन पुन्हा तुटेल. पुन्हा मध्य प्रदेश. नळी बंद, हृदय मरत जातंय. आणि हे तर मला माहीतच होतं. सत्तावीस वर्षांचा संसार, तिला ठेच लागली तरी मला कळतं.

"नाही सर. काही नाही."

"डॉक्टरांनी विचारलं ना?"

"हो सर."

नट अडला होता, मी ओळ पुरवली. मनची.

"मग द्या इंजेक्शन. लगेच."

आत धावत जाऊन मी मॅडमना म्हणालो, "सरांनी सगळं विचारलं. इंजेक्शन द्या म्हणाले." हे दुसरं खोटं, कारण उत्तरं माझी होती. मॅडमकडेही तोच प्रश्नांचा कागद होता, पण प्रेशर घसरल्यामुळे तो अर्ध्यावर राहिला होता. त्यांना वाटलं, उरलेलं नागपूरनं विचारलं. नागपूरला वाटलं, मॅडमनी विचारलं. आणि मधे मी उभा, दोन्हीकडे छातीठोक.

सिस्टरनी औषध सिरिंजमध्ये भरून ती मॅडमच्या हातात दिली. शालूला नीट आडवं करायला त्यांनी तिच्या अंबाड्याचा काटा काढायला हात मागं नेला. शालू कळवळली. "तिथं नको हात लावू, बाई. दुखते."

सिस्टरची बोटं तिथंच थांबली. "मॅडम, इथं टेंगूळ आहे. मोठं."

"कधी लागलं?" मॅडमनी विचारलं.

शालूनं आधी माझ्याकडं पाहिलं. तो चेहरा मी कुठल्या नटीला शिकवू शकणार नाही. पडलेल्या आवाजात म्हणाली, "आठ दिवस झाले. ट्रॉलीवर धानाचे भारे रचून राहिली होती. पाय सरकला. ट्रॉलीच्या फाळक्यावर डोस्कं आपटलं. अंधारी आली, बायांनी पानी मारलं तवा उठली. उलटी झाली एक. तवापासून डोस्कं दुखतेच."

"अवो, घरी काहून नाही सांगतलं?" सिस्टर म्हणाल्या.

"कायले सांगू? यायले सांगतलं असतं तं याइनं साऱ्या गावाले माही पडझड करून दाखवली असती."

खरं होतं. मागच्या आखाडीला ती धानाच्या बांधीतल्या चिखलात घसरली, तेव्हा मी तिची नक्कल पानठेल्यापासून धान केंद्रापर्यंत सात ठिकाणी केली होती. लोक पोट धरून हसले होते. तीही हसली होती. मी धरून चाललो होतो, की तिलाही मजा आली.

मॅडमनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. माझ्याकडं बघितलंही नाही. माझ्या हातातून फोन ओढून स्वतः बाहेर फरशीकडं पळाल्या. खोलीत आता सिस्टर, मी आणि शालू. मॉनिटरवर ठोक्यांचा आकडा होता चौपन्न. मग सत्तेचाळीस. मग एक्केचाळीस.

"शालू," मी म्हटलं.

"अजी," ती म्हणाली, "मले लांब वाटून राहिलं सारं." आणि डोळे वर गेले.

सिस्टर ओरडल्या, "मॅडम!" जाड भिंत, बंद दार, पंचवीस पावलं. मॅडमच्या कानाला फोन. ऐकू जाणं शक्य नव्हतं. "जा ना, काय बघून राहिले!" सिस्टर माझ्यावर ओरडल्या. मी पळालो. दारात पाय अडकून पडलो, उठलो. "मॅडम, ठोके!" एवढंच निघालं. त्या बोलता बोलता फोन मला देऊन आत धावल्या. पलीकडून सर विचारत होते, "हॅलो? इंजेक्शन दिलं का? दिलं का?"

मी ओरडलो, "नाही दिलं! सर, नाही दिलं!" त्या दिवशीचं माझं ते पहिलं खरं वाक्य.

"देऊ नका. ताबडतोब नागपूरला पाठवा. आम्ही तयार राहतो."

आत मॅडमनी ॲट्रोपिन नावाचं इंजेक्शन दिलं होतं. मंदावलेले ठोके ते वाढवतं. एक्केचाळीस, अडतीस, अडतीस, पंचेचाळीस, साठ. मी आकडे मोजत भिंतीला टेकून खाली बसलो. शालूनं डोळे उघडले.

एकशे आठची गाडी आली. सिहोरा गेलं, तुमसर गेलं. मोहाडीला आठवडी बाजार होता. सायरन ऐकून भाजीवाल्यांनी टोपल्या मागं ओढल्या. कुठल्याशा बाईनं शालूच्या गाडीकडं बघून हात जोडले. मी काचेतून तिला पाहिलं आणि मला पहिल्यांदा कळलं, की हात जोडण्यासारखी वेळ आलेली आहे. भंडाऱ्याच्या पुढं मी शालूला म्हटलं, "डोस्कं दुखते का?" तिनं मान हलवली. हो की नाही, ते गाडीच्या धक्क्यात कळलं नाही. आणि या वेळी मी ते ठरवून टाकलं नाही. पुन्हा विचारलं. "हव," ती म्हणाली. "लय."

नागपुरात आधी डोक्याचा सीटी स्कॅन झाला. कवटीच्या आतलं चित्र काढणारं ते मोठं कडं. मी बाहेरच्या लोखंडी खुर्चीवर. तिथं टॉवर भरपूर होता. सगळ्यांचे फोन वाजत होते आणि मला एकही करावासा वाटत नव्हता.

तेच सर बाहेर आले. आवाजावरून ओळखलं. अंगानं बारीक, डोळ्यांवर जाड भिंगं. म्हणाले, "कवटीच्या खाली रक्ताची पातळ रेघ आहे. सबड्युरल हिमॅटोमा. मार लागल्यावर मेंदूच्या आवरणाखाली साचलेलं रक्त. ते इंजेक्शन गेलं असतं तर..." आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग त्यांनी सांगितलं, की धोका टळलेला नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आरोग्य केंद्रात आधीच पोटात गेल्या आहेत, ते रास्तच होतं, पण आता डोकं आणि हृदय एकमेकांच्या विरुद्ध औषध मागत आहेत. मेंदूचे डॉक्टर आले. दोघे माझ्यासमोर हळू आवाजात बोलले. ठरलं असं: हाताच्या नळीतून तार हृदयापर्यंत न्यायची, गुठळी ओढून काढायची, फुग्यानं वाट मोकळी करायची आणि जाळी, म्हणजे स्टेंट, आता बसवायची नाही. ती बसवली की जास्त गोळ्या लागतात. डोकं बरं झालं की मग.

फॉर्मवर सही करताना नर्सनं विचारलं, "पेशंटला कशाची ॲलर्जी?"

"तिला विचारा," मी म्हटलं.

"तुम्ही मिस्टर ना?"

"म्हणूनच म्हणतो."

दीड तास दार बंद होतं. मला या दीड तासाचं वर्णन करता येत नाही, आणि वर्णन करता येत नाही असं मी यापूर्वी कुठल्याही गोष्टीबद्दल म्हटलेलं नाही. दार उघडलं तेव्हा सर म्हणाले, "नळी उघडली. अब सिर पे नज़र रखेंगे." पुढचे चार दिवस दर काही तासांनी नर्स शालूच्या डोळ्यात बॅटरी मारून विचारायची, "आज वार कोणता?" तिसऱ्या दिवशी शालू म्हणाली, "कालपासून तेच इचारून राहिली, बाई. कॅलेंडर नाही का तुमच्याकडे?" नर्स हसली. मी बाहेर जाऊन रडलो.

पाचव्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. फरशीवरचं "हो सर" सुद्धा. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी माह्यासाठी बोलले का माह्याऐवजी बोलले, ते तुमालेच ठाव नाही." बस एवढंच. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तो काळ मला झटक्याइतकाच भीतीचा गेला.

घरी आल्यावर मी सरळ आरोग्य केंद्राच्या गावच्या ग्रामपंचायतीत गेलो. माझ्या डोक्यात होतं, नागपूरहून सिग्नल वाढवणारं बूस्टर यंत्र आणून छतावर ठोकायचं. तिथं बोलावलेल्या फोन कंपनीच्या इंजिनिअरनं माझे कान उपटले. "काका, तसं यंत्र परवानगीशिवाय लावता येत नाही. तुमच्या खोलीत चार काड्या येतील आणि बाकी गावाचा टॉवर बिघडेल." मग त्यानं विचारलं, "इथं इंटरनेटची वायर आली असेल ना?" आली होती. ग्रामपंचायतीच्या कपाटात तिचा डबा दिवे लुकलुकवत बसला होता आणि त्यावर सचिवांनी डबा पडू नये म्हणून नारळ ठेवला होता.

उपाय इतका साधा निघाला की मला लाज वाटली. त्या डब्यातून एक वायर गल्ली ओलांडून आरोग्य केंद्रात. ईसीजीच्या खोलीत, बाळंतपणाच्या खोलीत आणि ओपीडीत एकेक वाय-फायचा डबा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर चालतील असे. आणि फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करायचं, म्हणजे फोन टॉवर शोधत बसत नाही, त्या वायरवरूनच बोलतो. ग्रामसभेत सगळ्यांना पटवायला मात्र दोन बैठका लागल्या. कुणीतरी म्हणालं, आजवर चुन्याच्या गोलावर भागलंच ना? त्यावर आजोबा उठले. तेच, बाकावरचे. "भागलं म्हनते. मी पाहलं ना कसं भागलं ते. हा मानूस तिथं नाचून राहिला होता अन् बाई आत मरून राहिली होती." ठराव झाला.

ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांना माझं सांगणं: जवळच्या दवाखान्यात जाऊन आजच आत उभं राहून एक फोन लावून बघा. लागला नाही तर विचारा, डॉक्टर सल्ला कुठून घेतात? मधे निरोप्या असेल तर आधी तो मधला माणूस काढून टाका, मी असलो तरी. आणि नाइलाजानं तुम्हीच निरोपे झालात, तर विचारलेला प्रश्न आत न्या, उत्तर बाहेर आणा. आपलं काही घालू नका. तुमचा आजारी माणूस तुमच्यापासून काय लपवतो आणि का, हे तुम्हाला माहीत नसतं.

दोन महिन्यांनी जाळी बसली. परवा शालूची तपासणी होती. नागपूरला जायची गरज पडली नाही. आरोग्य केंद्रातच, त्याच ईसीजीच्या खोलीत, मॅडमनी नागपूरच्या सरांना व्हिडिओवर लावलं. चित्र स्वच्छ. सरांनी विचारलं, "कैसे हो, शालिनीताई?"

मी तोंड उघडलं. शालूनं हात वर केला. मग मॅडमना म्हणाली, "यायले बाहेर बसवा. मले बोलाचं आहे."

मी बाहेर आलो. दार लागलं. जाडजूड भिंतीतून काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त एकदा ती हसली तेवढं कळलं आणि नंतर बराच वेळ ती हळू बोलत असावी. घड्याळात अकरा मिनिटं झाली. काय सांगितलं, ते मी विचारलेलं नाही.